तपासणीआधी गहू बंद करू नये

चिंचवड
१८ जून २०२३

प्रिय मिनलताई,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून हसू नकोस. चिंचवडहून तळेगाव लोकलनं अर्ध्या तासावर, आणि मी तुला पोस्टानं पत्र पाठवतेय. पण फोनवर बोलू कुठं? मी फोन घेतला की सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात. तिकडे विलासभाऊजी तुला स्पीकर लावायला सांगतात. म्हणून तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर लिहितेय. उत्तर पिंपरीला पप्पांच्या घरी पाठव, सुट्टीच्या दिवशी मी घेईन.

ताई, परत गेलं. या वेळी तिसरा महिना लागला होता. कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे रडायलाही कुणी नाही.

पोटाचं तुला माहीत आहे. लग्नाआधी अधूनमधून व्हायचं, आता रोजचं झालंय. जेवले की पोट फुगतं, मग पळावं लागतं. चाकणला आमचा सुपरवायझर म्हणतो, "नेहा मॅडमची ड्यूटी लाइनवर कमी, वॉशरूममध्ये जास्त." सगळे हसतात, मीपण हसते. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटी म्हटलं, मग टेन्शन म्हटलं, मग सोनोग्राफीत गाठी दिसल्या म्हणून आतड्याचा टीबी ठरवून सहा महिने गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या. टीबी होता की नव्हता, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

सासूबाई शेजारणीला सांगतात, "ताटभर खाते, पण अंगी लागत नाही. जिचं मनच इथं नाही, तिला इथलं अन्न कसं लागेल?" समाधान ऐकतो आणि मोबाईल बघत बसतो.

परवा लाइनवर चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन सहा निघालं. कंपनीच्या डॉक्टरांनी पोटाच्या स्पेशालिस्टकडे चिठ्ठी दिलीय. तिथं घरच्यांचं विचारतील. आईला असंच व्हायचं का गं? मी लहान होते, मला फक्त तिचे गार हात आठवतात.

तुझी,
नेहा

⁂

तळेगाव दाभाडे
२७ जून २०२३

चि. नेहास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. पण आईचं काय काढतेस? आई दिवसभर कष्ट करायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची. तिच्या अंगात रक्त राहणार कुठून? त्याला आजार म्हणत नाहीत.

तू मुळात नीट खात नाहीस. कंपनीत डबा अर्धा परत आणतेस, मला समाधाननंच सांगितलं होतं. रात्री दोन चपात्या तुपाशी जास्तीच्या खा. सकाळी दुधात गव्हाचं सत्त्व शिजवून घे, बाळंतिणीलासुद्धा त्यानं ताकद येते. सोबत डिंकाचे लाडू पाठवतेय. कणीक तुपात चांगली खरपूस भाजलीय. रोज एक खा, कुणाला वाटत बसू नकोस.

यशू मजेत आहे, पहिलीत गेली. बारीक आहे, पण काटक आहे. मी मदतनीस म्हणून रोज लोकांची पोरं काट्यावर उभी करते, आपल्या लेकीला मात्र उभं करायला हात होत नाही. सासूबाई म्हणतात नजर लागते.

सगळं ठीक होईल. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझी,
ताई

⁂

चिंचवड
६ ऑगस्ट २०२३

प्रिय ताई,
जयभीम.

नाव कळलं! इतक्या वर्षांनी माझ्या आजाराला नाव मिळालं, ताई. सिलिॲक.

सविस्तर सांगते. डॉक्टर मॅडम वयानं तुझ्याएवढ्याच असतील. माझी जुनी फाइल शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या पहिल्याच. आधी म्हणाल्या, आपल्याकडे ट्रॉपिकल स्प्रू नावाचा एक आजार असतो. त्यातही खाल्लेलं आतडं शोषून घेत नाही, जुलाब होतात, रक्त कमी होतं. तो असेल तर अँटिबायोटिक आणि फॉलिक ॲसिडनं माणूस बरा होतो. मी मनात म्हटलं, तोच असू दे. पण त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी केली आणि तोंडातून नळी घालून आतड्याचे बारीक तुकडे काढले.

रिपोर्ट आला तेव्हा मी एकटीच गेले होते, समाधानची फर्स्ट शिफ्ट होती. मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, "आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. तीच अन्न शोषते. तुमची जवळजवळ सगळी झडून गेलीय."

"कशानं?"

"गव्हानं. गव्हातला एक घटक तुमच्या शरीराला शत्रू वाटतो. शरीर त्याच्याशी भांडतं आणि त्या भांडणात तुमचंच आतडं खराब होतं."

"मग औषध?"

"औषध नाही. गहू बंद. चपाती, पाव, बिस्कीट, रवा, मैदा, शेवया, सगळं. हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ असतं, तीही बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी पोटभर खा. जन्मभर."

मी विचारलं, "माझी दोन्ही बाळं यानंच गेली का?" त्या म्हणाल्या, "खात्रीनं नाही सांगता येणार. पण असं होतं."

तुझे लाडू मी सगळे खाल्ले, ताई. तुझ्या हातचे म्हणून एकही वाया घालवला नाही.

आता महत्त्वाचं. हे रक्तातून येतं. सख्ख्या भावाबहिणींनी तपासून घ्यायलाच हवं, असं मॅडमनी सांगितलंय. तुझं रक्तही कायम कमीच असतं. आणि यशूचं वय सांगून मी तिची उंची आणि पोट कसं दिसतं ते सांगितलं, तर म्हणाल्या, तिला लगेच आणा. फक्त एक लक्षात ठेव: तपासणीआधी गहू बंद करू नये. बंद केला की रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो.

कधी येतेस? मी रजा टाकते.

नेहा

⁂

तळेगाव दाभाडे
१४ ऑगस्ट २०२३

नेहा,

पत्र मिळालं. घाईत लिहितेय.

घरात सांगू नकोस. पोटाला सूज आहे, डॉक्टरांनी पथ्य दिलंय, एवढंच सांग. "जन्मभर" आणि "रक्तातून" हे दोन शब्द त्या घरात काढू नकोस.

माझी तपासणी नको. यशूची तर नकोच.

मिनल

⁂

पिंपरी
१९ नोव्हेंबर २०२३

प्रिय ताई,

पत्ता बघितलास ना. मी पप्पांकडे आहे, दसऱ्यापासून.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच मी सगळं सांगून बसले होते. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. नखरे नाहीत, मन न लागणं नाही, साधा आजार आहे आणि तो भाकरीनं बरा होतो. समाधानला मॅडमनी काढलेलं चित्र दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू आता नॉर्मल होणार?" त्या दिवशी तो मंडईतून स्वतः ज्वारी घेऊन आला. ते एवढं मी कधी विसरणार नाही.

दोन महिन्यांत माझं पोट शांत झालं. वजन वाढलं, गालावर रंग आला. लाइनवरच्या बायका विचारायला लागल्या, "नेहा, काही गोड बातमी?" आणि मी अशी सुधारत असतानाच सासूबाईंनी लोकांत विचारपूस केली. कुणीतरी सांगितलं, हा खानदानी रोग असतो, पोरांना होतो. त्या मला म्हणाल्या, "तुझी आई अशीच वाळून मेली ना? म्हणजे तुमच्या घरात माहीत होतं. रोगी पोरगी आमच्या गळ्यात बांधली."

मी म्हटलं, "मलाच आत्ता कळलं, आई. रिपोर्टवर तारीख आहे."

"तारीख कागदाची असते. रोग जन्माचा आहे, तुझीच डॉक्टरीण म्हणाली."

समाधानकडे बघितलं. तो म्हणाला, "आई म्हणते त्यात लॉजिक आहे, नेहा."

परवा वकिलाची नोटीस आली. आजार लपवून लग्न लावून दिलं, फसवणूक झाली, लग्न रद्द करा. सोबत पुरावा म्हणून माझ्याच रिपोर्टची झेरॉक्स जोडलीय. आजारी होते तेव्हा ढोंगी होते. बरी झाले, तर रोगी ठरले.

पप्पा सकाळी उठून स्वतः भाकरी थापायला बसतात, वाकड्यातिकड्या. कडा जळतात, मी खाते.

ताई, माझं जाऊ दे. यशूला दाखव. मी मॅडमशी बोलून ठेवलंय.

नेहा

⁂

तळेगाव दाभाडे
३ डिसेंबर २०२३

नेहा,

मी तुला सांगितलं होतं. ऐकलं नाहीस.

तुझी गोष्ट इथपर्यंत आली. चाकणच्या एका लग्नात सासूबाईंना तुमच्या गल्लीतली बाई भेटली. घरी आल्या आल्या त्यांनी मला चुलीपुढून उठवलं. "काय गं मिनल, तुज्या भैनीला कसला रोग हाय? रगतातला हाय म्हनं? तुला बी हाय का?" विलास तिथंच होते. मी सांगितलं, नेहाला टीबी झाला होता, तो बरा झाला, बाकी तिच्या सासरच्यांनी उठवलंय. म्हटलं, मला काही नाही. ताटात वाढलेल्या दोन चपात्या त्यांच्यासमोर खाऊन दाखवल्या.

तेव्हा यापुढे कुणी विचारलं तर तुला टीबीच होता. तुझ्या फाइलमध्ये बहीण म्हणून माझं नाव असेल तर ते काढायला सांग. यशूच्या वाढदिवसाला येऊ नकोस. तू आलीस की तुझ्या ताटाकडे सगळे बघतील, आणि मग यशूच्या.

राग मानू नकोस म्हणत नाही. मान.

मिनल

⁂

पिंपरी
९ डिसेंबर २०२३

ताई,

तुझं नाव काढलं नाही. काढता येत नाही, रक्तात आहे.

जयंतीच्या मिरवणुकीत यशूला शेवटची बघितली होती. काड्यांसारखे हातपाय आणि पुढं आलेलं पोट. मला माझाच लहानपणीचा फोटो बघितल्यासारखं झालं. अंगणवाडीत तू दुसऱ्यांच्या पोरांची वजनं घेतेस, कमी भरली तर त्यांच्या आयांना रागावतेस. आणि स्वतःची पोरगी डोळ्यांदेखत सुकू देतेस, कशासाठी, तर तुझ्या सासूला, शालनबाईंना काय वाटेल!

माझ्या सासूनं मला ओळखलं नाही, ते समजू शकते. तू आई आहेस.

यापुढे मी लिहिणार नाही.

नेहा

⁂

तळेगाव दाभाडे
२१ एप्रिल २०२४

नेहा,
जयभीम.

तू लिहिणार नाहीस हे माहीत आहे. वाचशील, एवढ्या आशेवर लिहितेय.

यशूला मी सुकू दिलं नाही. ज्या दिवशी तुझं ते पत्र आलं, "नाव कळलं" म्हणून, त्याच रात्रीपासून तिचा गहू बंद केला. तपासणीआधी बंद करू नये, हे तू लिहिलं होतंस आणि मी नीट वाचलं होतं. पण तपासणीला न्यायचं म्हणजे विलासना सांगायचं. सांगायचं धाडस नव्हतं, आणि कळल्यावर तिच्या ताटात चपाती वाढायचंही धाडस नव्हतं. मग मी मधला रस्ता काढला.

आमच्या सासूबाईंना लहानपणापासून भाकरीच लागते. मी यशूला त्यांच्या ताटात बसवायला लागले. त्या खूश. "माजी नात माज्यावानी, भाकरीची." बिस्किटांऐवजी राजगिऱ्याचे लाडू आणून ठेवले. शाळेच्या डब्यात पोहे, तांदळाची धिरडी. कुणाला कळलं नाही. नेहा, लेकरू बघता बघता भरलं. फ्रॉक आखूड झाले. रात्री पोट धरून उठायची, ते थांबलं. तुझं ते शेवटचं पत्र आलं, त्या दिवशी ती अंगणवाडीच्या अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. तुला लिहावंसं वाटलं, पण लिहिलं नाही. पत्र कुणाच्या हाती लागलं असतं तर? आणि खरं सांगू, तुझा रागही आला होता.

मार्चमध्ये नात्यातल्या एका लग्नात विलासच्या चुलत बहिणीनं यशूला पुरी दिली. यशू सगळ्यांसमोर म्हणाली, "नको. आई म्हणते गव्हानं माझं पोट आतून खराब होतं."

घरी काय झालं ते लिहीत नाही. विलास म्हणाले, खरं-खोटं होऊनच जाऊ दे. स्वतः रजा टाकून आम्हा दोघींना तुझ्याच डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी विचारलं, "ही रोज गहू खाते ना?" विलास म्हणाले, "हो, खाते की. हिची आई उगाच नको म्हणते, पण आमच्या घरात चपातीच असते." ते सकाळी कामावर जातात ते रात्री येतात, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली.

रिपोर्ट चांगला आला. एकदम स्वच्छ.

विलासनी तो माझ्या पुढ्यात टाकला. "बघ. ठणठणीत आहे पोरगी. तुझ्या बहिणीचं घर मोडलं, आता ती तुझं मोडायला निघालीय." सासूबाईंनी त्याच दिवशी शिरा केला. यशूनं माझ्याकडे बघितलं. मी वाटी मागं घेतली नाही. तिनं खाल्ला, आणि रात्रभर ओकत होती. सासूबाई म्हणाल्या, ऊन बाधलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी का बोलला नाहीत?" मग म्हणाल्या, आता एकच मार्ग आहे. काही आठवडे रोज गहू द्यावा लागेल, मग पुन्हा तपासायचं. मी म्हटलं, "मी बघितलंय ना तिला बरी होताना. तेवढं पुरत नाही?" त्या म्हणाल्या, "मला पुरतं. तुमच्या घराला पुरेल का?"

विलासना सांगितलं. म्हणाले, "घाल. मी समोर बसून बघतो."

कालपासून सुरू केलंय. मीच लाटते, मीच भाजते, मीच तिच्या ताटात वाढते. काल पहिला घास घेताना ती म्हणाली, "आई, तूच तर नको म्हणाली होतीस."

नेहा, तू ये. तुझं ऐकतील असं नाही. पण ये.

ताई

⁂

पिंपरी
६ मे २०२४

ताई,

रविवारी आले होते. तुला कुणी सांगितलं असेल-नसेल म्हणून लिहितेय.

शालनबाई दारातच उभ्या होत्या. "घरात लेकरू आजारी हाय. तू आत येऊ नगंस, बाई." मी म्हटलं, "आजी, ती कशानं आजारी आहे तेच सांगायला आलेय." त्या म्हणाल्या, "तू यायच्या आदी आमचं लेकरू बरं व्हतं." त्यांच्या मागं यशू उंबऱ्याला टेकून उभी होती. पोट पुन्हा फुगलेलं, ओठ पांढरे. मला बघून हसली, हात वर केला, मग आजीकडे बघून खाली घेतला.

आत पोळपाटाचा आवाज येत होता. तू बाहेर आली नाहीस.

डिसेंबरात तुला जे लिहिलं ते मागं घेते. मला काय माहीत होतं. तू लिहिलं नाहीस आणि मी समजून घेतलं नाही, दोघींनी मिळून आठ महिने घालवले.

मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, फारच त्रास झाला तर ठरलेले आठवडे पूर्ण करायची वाट बघू नका, लगेच आणा. हे पत्र मिळालं की तिला घेऊन निघ. कुणाला विचारू नकोस.

नेहा

⁂

तळेगाव दाभाडे
७ जुलै २०२४

प्रिय नेहा,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं, त्याच दुपारी यशू अंगणवाडीच्या अंगणात कोसळली होती. मी कुणाला विचारलं नाही. अंगणवाडीतून तशीच रिक्षा केली. सलाईन लागलं, रक्त घेतलं, आतड्याचा तुकडा काढला. या वेळी कागदावर सगळं आलं. तुझ्यासारखंच.

विलास हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. मला दया आली नाही. मीच ते ताट वाढत होते, मला कुणाची दया येणार?

आता घरात यशूचा गहू बंद आहे. सासूबाई स्वतः तिच्यासाठी जात्यावर ज्वारी दळतात, गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून. कुणीतरी त्यांना ते समजावलं आणि त्यांना पटलं. नातीसाठी सगळं पटतं. फक्त त्यांनी ताकीद दिलीय, बाहेर बोलायचं नाही. "पोरीची जात हाय. उद्या उजवायची हाय." शाळेतही सांगितलेलं नाही. यशूला शिकवलंय, कुणी काही दिलं तर म्हणायचं, मला आवडत नाही.

मग प्रश्न आला, हे आलं कुठून. मॅडमनी दोघांना तपासणी सांगितली. विलासनी केली, त्यांच्यात काही निघालं नाही. रिपोर्ट घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मला कशाला तपासायचं? मी रोज चपाती खाते. मला काही होतं का?"

तेव्हापासून रोज रात्री त्यांच्यासमोर बसून चपाती खाते. आधी एक खायचे, आता दोन खाते. हात धुऊन, मोरीत नळ सोडून उभी राहते, ओकण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. केस मूठभर गळतात, ते कागदात गुंडाळून अंगणवाडीच्या कचऱ्यात टाकते. परवा एका मुलाला काट्यावर उभं करताना मीच भिंतीला धरलं. आमच्या सेविकाबाई म्हणाल्या, मिनल, तुझे हात इतके गार का?

मला माहीत आहे, नेहा. तपासायची गरज नाही. तुला आजाराचं नाव मिळालं आणि घर गेलं. मला नाव आणि घर, दोन्ही एकदम मिळणार नाहीत. यशू मोठी होईपर्यंत तिला आई या घरात हवी आहे, मग ती कशीही असो.

मला समजावत बसू नकोस. मी आधी हजारदा समजावलंय स्वतःला.

तुझी,
ताई

⁂

पिंपरी
१२ जुलै २०२४

प्रिय ताई,

काल कोर्टात सही केली. दोघांच्या संमतीनं घटस्फोट, असं लिहिलंय. फसवणुकीचा आरोप त्यांनी मागं घेतला, तेवढ्यासाठी मी बाकी सगळं सोडलं. बाहेर आल्यावर समाधान म्हणाला, "तब्येत चांगली दिसते तुझी." मी हो म्हटलं.

तू म्हणतेस म्हणून समजावत नाही. आई जाण्याआधी तिच्या शेजारी तू झोपायचीस. तिचं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझी सुट्टी आता गुरुवारी असते. दर गुरुवारी दुपारी, मुलं घरी गेली की मी अंगणवाडीत येणार. सेविकाबाईंना सांग, मावसबहीण आहे, नाहीतर काहीही सांग. डब्यात भाकरी आणीन. तू माझ्यासमोर बसून खायची.

आठवड्यातल्या एका जेवणानं आतडं भरून येत नाही. मॅडमनी मला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी येणार आहे.

नेहा